कुणालाही घेतात तिथं

“तुमच्या मुलीला कम्युनिटी कॉलेज बरं. तिथं कुणालाही घेतात,” काका म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमधल्या एका मराठी घरी जेवण होतं. काका यजमानांच्या नात्यातले, मूळचे पुण्याचे, पूर्वी अमेरिकेत शिकवायचे. पुढे अमेरिकेत शिकायचं म्हणणाऱ्या आमच्या मुलांना तिथल्या शिक्षणाच्या पायऱ्या समजावून सांगत होते. एलिमेंटरी, मिडल, बारावीपर्यंत हायस्कूल. मग चार वर्षांचं विद्यापीठ, पुढे मास्टर्स, पीएचडी. यजमानांच्या मुलाला म्हणाले, “तू थेट विद्यापीठ.” माझ्या मुलीला आधी आडनाव विचारलं. मग कम्युनिटी कॉलेज.

गुण दोघांचेही विचारले नव्हते. मला तिथंच संशय आला.

मुलगी जिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या इथल्या शाळेत शिकते. गणितात तिला ‘एक’ मिळतो, इथला सगळ्यात वरचा गुण. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ममा, बिन इश डुम?” मी मठ्ठ आहे का?

मी आठवीत असताना गुरुजी माझ्या बापाला म्हणाले होते, “हिला शिवणकाम शिकवा.” बाप खाली बघून ‘बरं’ म्हणाला होता. मी शिकले ती आईनं हट्ट धरला म्हणून.

मी ताट बाजूला ठेवलं.

“काका, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं झाली की विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्या प्रयोगशाळेतली अमेरिकन बाई तशीच शिकली. ते का नाही सांगितलंत? आणि हिला थेट विद्यापीठ का नाही?”

“आल्झो... म्हणजे, सोपं करून सांगत होतो. तिथं आरक्षण नसतं ना.”

कुणीतरी हसलं. यजमानीण उठून पाणी आणायला गेली.

“मी आरक्षणातून शिकले,” मी म्हणाले. “त्याच शिक्षणाच्या जोरावर इथं संशोधन करते. हिचे गुण न बघताच तुम्ही हिची जागा ठरवलीत.”

आमची बाजू कुणीच घेतली नाही. मी मुलीला घेऊन निघाले.

बसमध्ये मुलीनं विचारलं, आरक्षण म्हणजे काय. तोवर मी तिच्यापासून सगळं लपवलं होतं. वस्ती, वेगळा माठ, सगळं. त्या दिवशी सांगितलं. ती रडली. मी तिला गप्प केलं नाही.

त्या घरी पुन्हा गेले नाही. जाणारही नाही. मुलगी थेट विद्यापीठालाच अर्ज करेल. नाही मिळालं तर कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला घुसेल. पण तिनं कुठं थांबायचं, हे यापुढे कुणी ठरवलं तर मी त्याला सगळ्यांसमोर जाब विचारेन.