रेषेबाहेरचे ठिपके

मुलुंडच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मुलं नाचली आणि मला धडकी भरली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विज्ञानाची बाई, अजून कायम न झालेली. यंत्राची भीती प्रशिक्षणात गेली, पण खरी भीती वेगळीच होती.

आमच्या प्रयोगशाळेतला वीजप्रवाह मोजायचा ॲमीटर केव्हाच जळाला होता. नवा मागायची माझी छाती नव्हती. मग ओहमच्या नियमाची रीडिंग मी उत्तरावरून उलटी काढून फळ्यावर लिहायचे आणि मुलं ती जर्नलमध्ये उतरवायची. आता शिक्षण निरीक्षक येणार होते. मुलं आपापली रीडिंग टाइप करणार, कॉम्प्युटर आलेख काढणार आणि निरीक्षकांच्या शेऱ्यावर माझी नोकरी ठरणार!

त्या दिवशी निरीक्षक नेमके माझ्या मागेच येऊन उभे राहिले. पहिल्या मुलाचे ठिपके सरळ रेषेत आले. दुसऱ्याचे बरोबर त्यांच्यावरच. तिसऱ्याचेही. आता हे विचारणार, सगळ्यांचं इतकं सारखं कसं?

"वा! एकदम अचूक," ते म्हणाले. मला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

चौथ्या मुलीचे वडील साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये होते. आठवड्यापूर्वी तिने त्यांचा ॲमीटर मागून आणला होता आणि शाळा सुटल्यावर माझ्यादेखत प्रयोग केला होता. खरी रीडिंग वर्गात तिच्या एकटीकडेच होती. गडबडीत मी ते साफ विसरले होते. तिचे ठिपके रेषेच्या जरा वर, जरा खाली पडले. खऱ्या प्रयोगात पडतात तसेच.

"हे काय?" निरीक्षकांनी विचारलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर बाकीच्यांची जर्नल उघडी पडणार होती.

"घाईत चुकली असेल," मी म्हणाले.

तिने मुकाट्याने आपले आकडे पुसले आणि शेजारच्या मुलाच्या जर्नलमधले भरले. ठिपके रेषेवर आले. निरीक्षक "शाब्बास" म्हणाले आणि चहाला निघाले.

ते अजून दारातच होते, तेवढ्यात ती माझ्याजवळ आली.

"बाई, म्हणजे बाबांचा मीटर खराब आहे का?"

निरीक्षकांनी मागे वळून पाहिलं.

"हो गं," मी म्हणाले.

"मग त्यांना आजच सांगते. ते रोज त्याच्यावरच माल तपासतात ना."