लातुरात नळ गोठू नये म्हणून

थंडीनं नळ फुटेल या एकाच काळजीत म्हातारा झालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधला तर एकच सापडला असता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. आमच्या लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात माणसं करपतात, आणि हिवाळा म्हणजे मफलर गुंडाळून चहाच्या गाड्यावर जरा जास्त वेळ उभं राहायचं निमित्त. इथं पाणी गोठल्याचं बापजन्मात कुणी पाहिलेलं नाही. मामांचा मात्र लातूरच्या हवेवर काडीचा भरवसा नव्हता. तरुणपणी ते फौजेत होते. लडाखकडच्या चौक्यांवर पाण्याचे नळ टाकणं आणि ते चालू ठेवणं हे त्यांचं काम. पुढं नोकरी संपली, मामी गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून चाकूरजवळचं गाव सोडून ते आमच्याकडे राहायला आले. येताना एक पत्र्याची पेटी आणली आणि तिकडची सगळी थंडी आणली.

दिवाळीचा आकाशकंदील उतरला की मामा मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, रिकामी पोती आणत. ती उसवायची, हातभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत एकूण एक पाइप गुंडाळायचा, वरून सुतळी, सुतळीवर खताच्या पिशवीचं प्लास्टिक. वळणाच्या जागी दुहेरी थर. "पाइप मरतो तो कोपऱ्यात," ते सांगत. एकदा सासूबाईंच्या हातची गोधडी घरात दोन दिवस सापडेना. ती टाकीच्या कमरेला बांधलेली निघाली. रोज सकाळी ते पाइपाला उलटा हात लावून बघत, लेकराचा ताप बघावा तसा, आणि "आज ठीक हाय" असं घोषित करून मगच तोंड धूत. आमचे पाइप संपले की गल्लीतले सुरू. शेजारचे कुलकर्णी गावाहून परतले तर त्यांचा अंगणातला नळ नखशिखांत बांधलेला. "मामा, ह्याला अपघात झाला का हो?" त्यांनी विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "हसा, हसा. माणूस थंडीनं आकसतो, पाणी थंडीनं फुगतंय. लोखंड फाडतंय ते. तुमचा पाइप तर पिलाष्टिकचा हाय." माझ्या मुलीकडून त्यांनी मोबाइलवर लेहचं तापमान लावून घेतलं होतं. सकाळी पोहे खाता खाता ते "उणे चौदा" असं वाचत, दुसऱ्या कुणी मयताची बातमी वाचावी त्या आवाजात, आणि मग बशी अर्धी तशीच राही. आम्ही हसायचो. मीही हसायचो, हे आधीच सांगून टाकतो.

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण दिवस मावळला की मामा अंगणातला टाकीवरचा नळ किंचित सोडून ठेवत. "धार नको, दोरा पाहिजे," ते म्हणत. वाहतं पाणी गोठत नाही, असा त्यांचा फौजी कायदा. खाली घागर असे, ती भरली की स्वतः उचलून हौदात ओतत. थेंब वाया जाऊ देत नसत. पण लातुरात वाहता नळ दिसणं म्हणजे भर रस्त्यात कुणी अन्न तुडवल्यासारखं. एका डिसेंबरात बारा दिवस पाणी आलं नव्हतं. एका संध्याकाळी मी शाळेतून परतलो तर समोरच्या काकू रिकामी कळशी घेऊन आमच्या फाटकात उभ्या. "मास्तर, आमी लेकरांच्या आंघुळी बंद केल्यात, आन तुमच्याकडं नळ सोडून बसून राहिले! लाजा हायत का न्हाई?" मागं आणखी चार बाया. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तरातरा आत गेलो, नळ आवळला, दिसेल ती पट्टी ओरबाडून काढली आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "मामा, हे लातूर आहे! डोकं फिरलंय का तुमचं?" पंच्याहत्तरीचा माणूस. त्यांनी घागर उचलली, काकूंच्या कळशीत ओतली आणि आत निघून गेले.

जेवायला बोलवायला गेलो तेव्हा ते पेटीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावई, तुमी आज जसा नळ आवळला ना, तसाच मी आवळला होता." मग त्यांनी सांगितलं. तिकडचा पहिलाच हिवाळा. संध्याकाळी शेवटचा नळ जरासा सोडून ठेवायचा, असा हुकूम. "पर मी आपल्या भागातला. आमच्या मायनं चिखलाच्या झऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरलेलं. मला वाहतं पाणी बघवंना. कुणी न्हाई बघून आवळून टाकला." सकाळी पाइप तीन जागी फाटलेला. दुरुस्ती मामांनाच येत होती, म्हणून पाणी आणायला त्यांचा जोडीदार गेला, धर्माबादचा. नदीवरचं बर्फ फोडताना हातमोजे भिजले, बोटं गोठून काळी पडली. उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली आणि त्याला घरी पाठवलं. पाइप थंडीनं फुटला, एवढंच सगळ्यांनी धरलं. मामांनी पन्नास वर्षं कुणाला काही सांगितलं नाही. मामींनाही नाही. "तो हाय अजून. मला एकडाव त्याच्याकडं न्या. सांगायचं हाय, मीच केलं म्हणून. मग त्यानं थोबाडीत मारली तरी चालंल."

मी म्हणालो, नेतो.

नांदेडला गाडी बदलून धर्माबाद. सकाळी निघालं तर दुपारी पोचतो माणूस. मला पेपर तपासायचे होते. मग साडूच्या मुलीचं लग्न निघालं. मग शाळेची तपासणी. मामा दर रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसत, आणि मी म्हणे, "पुढच्या रविवारी नक्की." त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. त्या संध्याकाळनंतर त्यांनी पोत्याला पुन्हा हातही लावला नाही. नळ उघडे पडले होते आणि मला ते बरं वाटत होतं. होळीच्या चार दिवस आधी ते दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

चौदावा झाला आणि मी धर्माबादला गेलो. आता वेळ कसा मिळाला, हे विचारू नका. घर शोधायला त्रास पडला नाही; बोटं नसलेला फौजी म्हटल्यावर स्टँडवरच्या पहिल्याच माणसानं वाट दाखवली. म्हातारा बाजेवर बसून मिरच्यांची देठं खुडत होता, अंगठा आणि करंगळीनं. मी मामांचं नाव सांगितलं, ते गेल्याचं सांगितलं, आणि नळाचं सगळं सांगितलं. माझ्याच हातून घडल्यासारखी माझी मान खाली होती.

"ठाऊक हाय की," म्हातारा म्हणाला.

मी वर बघितलं.

"त्याच्या मागनंच येऊन राहिलो होतो मी. बघितलं त्याला आवळताना. मनात म्हणलं, बरं झालं, आपल्याला वाकावं लागलं न्हाई." तो हसला. "आपल्याकडचा माणूस पाव्हणे, वाहता नळ बंद न करता फुडं जाईल का? त्यानं न्हाई केला असता तर मी केला असता. मग पाणी आणायला तो गेला असता. एवढाच फरक."

"तुम्ही त्यांना कधी कळवलं नाही?"

"मला काय माहीत, येडं हे धरून बसलंय म्हणून! मला वाटायचं, मोठा झाला असंल, इसरला असंल आपल्याला." त्यानं मिरच्या बाजूला सारल्या. "पर तुमी आलाव एवढ्या लांब. त्याला कामून आणलं न्हाई संगं? तब्येत बरी नव्हती का?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. "तब्येत चांगली होती," मी म्हणालो. "ते तयार होऊन बसायचे. मीच आणलं नाही."

आत कुणीतरी पितळी घासत होतं. मग त्यानं सून ठेवून गेली होती ती कपबशी दोन बोटांत धरून माझ्याकडं सरकवली. चहा बशीत थोडा हिंदकळला.

"चहा घ्या," तो म्हणाला. "निवून राहिलाय."