बाविसाव्या वर्षी निवृत्त

माझी लेक बाविसाव्या वर्षी निवृत्त झाली. त्याआधी आमच्या घरात निवृत्त झालेले फक्त माझे सासरे. त्यांना बँकेनं शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला होता. लेकीला निरोप मिळाला एका व्हिडिओ कॉलवर. पडद्यावर डॉक्टर, क्लबच्या दोन बायका, आणि इकडे मेलबर्नच्या खोलीत पडदे ओढून, गडद चष्मा लावून बसलेली ती. मी तिच्या शेजारी होते. काही महिन्यांपूर्वीच ऑकलंडहून तिच्याकडे गेले होते, कारण तिला एकटीला चहाही करून घेता येत नव्हता.

आम्ही पुण्याहून ऑकलंडला आलो तेव्हा ती माझ्या पोटात होती. नवरा इंजिनियर, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात ती वाढली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. शाळेत नेटबॉल खेळायची आणि उडी अशी मारायची की इतर मुली खालीच राहायच्या. ते पाहून शाळेतल्या एका ऑस्ट्रेलियन बाईंनी तिच्या हातात लंबगोल चेंडू दिला.

मी म्हटलं, "रग्बी? अगं, हाडं मोडतील."

"रग्बी नाही, आई. फूटी. ऑस्ट्रेलियन रूल्स."

न्यूझीलंडमध्ये हा खेळ फारसा कुणी खेळत नाही. तिनं मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाट्या मांडून तो समजावला. मैदान क्रिकेटसारखं गोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू फेकायचा नाही, लाथेनं मारायचा, नाहीतर मुठीनं ठोसायचा. आणि लांबून लाथाडलेला चेंडू कुणी हवेतच झेलला की त्याला म्हणायचं मार्क. तो झेलण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढलं तरी चालतं.

"पाठीवर चढायचं? आणि पंच काही म्हणत नाही?"

"नाही ना! दॅट्स द बेस्ट पार्ट." ती इतकी हसली की एक वाटी खाली पडली.

विद्यापीठात गेल्यावर हे वेड सुटेल, असं तिच्या बाबांना वाटत होतं. झालं उलटंच. मेलबर्नच्या एका क्लबची माणसं इकडे नव्या मुली शोधत आली, त्यांनी तिला पळायला लावलं, उड्या मारायला लावलं, आणि एकोणिसाव्या वर्षी घेऊन गेली. एअरपोर्टवर बाबा तिच्या बॅगेचं हँडल सोडेनात. "शेंगदाण्याची चटणी हँडबॅगेत नको ठेवूस," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

पहिल्या हंगामात आम्ही दोघं मॅच बघायला गेलो. त्या दुपारी तिनं जो मार्क घेतला तसं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. समोरच्या उंच मुलीच्या खांद्यावर तिचा गुडघा टेकला, ती वर गेली आणि क्षणभर वरच राहिली. चेंडू हातात घट्ट धरून खाली आली. माझ्या शेजारचा अनोळखी म्हातारा उठून उभा राहिला. बाबांनी त्याला सांगितलं, "माय डॉटर," आणि मग रुमाल काढला.

त्याच मॅचच्या शेवटी ती चेंडूकडे बघत उलटी पळत होती. समोरून धावत आलेल्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. ती उठली, चालत बाहेर आली. नंतर मला म्हणाली, "आपण जिंकलो का?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं परत विचारलं, "आपण जिंकलो का?" गाडीत बसेपर्यंत ती हेच विचारत होती.

आजही तिला ती मॅच आठवत नाही. तो मार्कसुद्धा नाही. व्हिडिओ आहे, पण तो बघताना तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी खेळ बघावा तसं ती बघते आणि फोन बाजूला ठेवते.

नियमाप्रमाणे तिला विश्रांती दिली, तपासण्या झाल्या, मग ती परत खेळू लागली. आम्हाला जे कळलं नव्हतं ते तिनं खूप उशिरा सांगितलं. पुढच्या वर्षी सरावात तिचं डोकं पुन्हा आपटलं होतं. दिवसभर एका चेंडूचे दोन दिसत होते. तिनं कुणालाच सांगितलं नाही.

"का गं?" मी विचारलं.

तिनं तिच्या रूममेटबद्दल सांगितलं. ती पर्थची मुलगी, क्लबमधली सगळ्यात वेगवान. तिचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, वर्षभर घाम गाळून ती परतली, आणि पहिल्याच महिन्यात तोच गुडघा पुन्हा गेला. आठवड्याच्या आत तिच्या लॉकरवर दुसऱ्या मुलीचं नाव लागलं. नवी मुलगीही चांगलीच होती. रूममेट त्या नव्या मुलीला केक घेऊन भेटायला आली आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली.

"करार एकेका वर्षाचा असतो, आई," लेक म्हणाली. "गुडघा सुजला तर सगळ्यांना दिसतो. डोकं दुखतं ते दिसत नाही. मग मी दाखवलं नाही."

ओरडावं तर कुणावर? क्लबचे डॉक्टर कडक होते, प्रशिक्षक बाई भल्या होत्या. दोष ठेवायला माणूस सापडला असता तर बरं झालं असतं.

शेवटची धडक तर अगदी साधी होती. एकीचा खांदा हनुवटीला लागला. मैदानावरच्या कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण त्यानंतर उजेड सहन होईना. ओकाऱ्या. बोलताना मधलाच शब्द हरवायचा. 'चमचा' आठवेना, 'स्पून'ही आठवेना, मग हातानं ढवळल्यासारखं करून दाखवायची. महिने गेले. मग तो कॉल. डॉक्टर सावकाश बोलले. पुन्हा कधीही अंगाला अंग लागेल असा खेळ नाही. तिनं मान डोलावली, "थँक यू" म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "ते काय म्हणाले? मला नीट कळलं नाही."

मी मराठीत सांगितलं. मराठीत ते जास्त वाईट वाटलं.

ऑकलंडला घरी आणल्यावर मी कुकर लावणं बंद केलं. शिट्टी झाली की ती कान दाबून भिंतीशी बसायची. डाळ पातेल्यात शिजवू लागले. बाबा घरात पायमोजे घालून फिरायचे. शेजारची सामोअन बाई गवत कापायच्या आधी दार वाजवून विचारायची, "तिला बाहेर नेताय का आज? मग मी मशीन काढते." गणपतीला मंडळाच्या हॉलवर नेलं, तर ढोलाच्या पहिल्या ठोक्यालाच ती पांढरीफटक पडली. आम्ही दर्शन न घेताच परतलो. तिथल्या एक काकू दारात म्हणाल्या, "एवढी हुशार पोर, बॅडमिंटन तरी खेळायचं." लेकीला मराठी सगळं कळतं.

विद्यापीठात परत नाव घातलं, पण एक पान वाचलं की अक्षरं हलायची. शेवटी सोडलं. आता ती पेनरोजच्या एका गोदामात अर्धा दिवस काम करते, मागच्या शांत कोपऱ्यात सुटे भाग खोक्यांत भरते. दुपारी मी तिला घ्यायला जाते. कसा गेला दिवस, विचारलं की म्हणते, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या बोलीत 'मस्त', आणि सीट मागे करून डोळे मिटते.

मागच्या हिवाळ्यात इथल्या मुलींच्या फूटी संघाच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. शनिवारी ये, मुलींना मार्क कसा घ्यायचा ते शिकव. बाबांना फार आशा वाटली. त्यांनी स्वतः तिचे जुने बूट पुसले. मी तिला घेऊन गेले. मैदानाच्या कडेला उभी राहून ती बोलू लागली तेव्हा मुली अगदी गप्प झाल्या. हात कुठे ठेवायचे, नजर कुठे, उडी कधी, हे सांगताना तिचा एकही शब्द अडखळला नाही. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकला.

मग त्या खेळू लागल्या. दोघी एकाच चेंडूसाठी उडाल्या आणि डोक्याला डोकं आपटलं. एकजण पडली, लगेच उठली, हसली, "आय अ‍ॅम फाइन, आय अ‍ॅम फाइन" म्हणत परत जागेवर गेली. प्रशिक्षक बाईंनी तिला बाहेर बोलावलं, डोळे तपासले, बाकावर बसवलं. ती पोरगी बाकावरून सारखी ओरडत होती, "मला काही झालेलं नाही!"

लेक माझ्याकडे आली. "गाडीत बसूया."

गाडीत तिनं काच वर केली. मग म्हणाली, "ती खोटं बोलतेय. मला माहितीये."

"मग जाऊन सांग ना तिला. तुझं ऐकेल ती."

"मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?"

मी गाडी सुरू केली. ती त्या मैदानावर पुन्हा गेलेली नाही. बाई दोनदा फोन करून थांबल्या. पुढे संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला; बाईंनी लेकीलाही त्यात घेतलं होतं. बाकावर बसवलेली ती मुलगी परत खेळू लागली होती, कुणाच्या तरी पाठीवर गुडघा टेकवून हवेत होती, तोंड उघडं, दोन्ही हात वर. खाली सगळ्यांनी बदाम आणि टाळ्या टाकल्या होत्या. लेकीनं फोटो मोठा करून त्या मुलीचा चेहरा बराच वेळ पाहिला, ग्रुप सोडला आणि खोलीत जाऊन पडदा ओढून घेतला.