सालवडचा पाठ

मासवणच्या शाळेत मी कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं, ते मराठीतून. धडा वाचायचा, ओळीओळीचा अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. मुलं पास होत. मग शाळेत सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले आणि मुख्याध्यापक म्हणाले, इंग्रजी अध्यापनात एम.ए. केलेलं कुणीतरी आपल्याकडे हवं. नोकरी सांभाळून करता येतं, पालघरला शनिवार-रविवारी तास असतात. इंग्रजीचा शिक्षक मी एकटाच. वय पन्नाशीला टेकलेलं. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही.

पहिल्या तासाला वर्गात आलेली मार्गदर्शक मॅडम माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. आईबाप वीटभट्टीवर कामाला जायचे आणि ही आमच्या वसतिगृहात राहून शिकायची. मला पाहून ती थबकली, "सर!" म्हणून हात जोडले. मग सगळ्यांना इंग्रजीत म्हणाली, एकेकाने उठून स्वतःबद्दल थोडं बोला.

माझी पाळी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. जुळलेलं वाक्य पुढचा माणूस बोलायला लागला की मोडत होतं. माझ्या शेजारची बाई उठली तसा मीही उठलो, पाणी पिऊन येतो अशी खूण केली, जिना उतरलो तो थेट एसटी स्टँडवर. मासवणवरून जाणाऱ्या मनोरच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, पिशवी वर्गातच राहिली.

"एवढ्या लवकर? बरा नाय वाटत काय?" बायकोने दारातच विचारलं.

"छातीत धडधडतंय."

तिने तसंच दवाखान्यात नेलं. रक्तदाब वाढला होता. कसलं टेन्शन घेता, असं डॉक्टरांनी विचारलं. इंग्रजीच्या मास्तरला इंग्रजी बोलायची भीती वाटते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "सर, तुमची पिशवी माझ्याकडं हाय." घाईत गावचंच बोलून गेली. मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या शनिवारी सालवडच्या शाळेत सराव पाठ आहेत. पहिला पाठ तुमचा लावलाय."

"मला नाय जमणार गं."

"पाठ टाचण करून आणा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो आठवडा मी जेवलो नाही की झोपलो नाही, असं बायको अजून सांगते. पाठ अगदी सोपा निवडला होता: इन, ऑन, अंडर. वस्तू कुठे आहे ते सांगायचं. टाचण तोंडपाठ केलं. मनात एकच आधार होता, अडलो की मराठीत शिरायचं. शनिवारी मोटारसायकलने उमरोळीमार्गे निघालो. वाटेत गाडी बाजूला घेऊन टाचण पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

तिसरीचा वर्ग होता. कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची मुलं, बरीचशी नुकतीच आलेली. मॅडम मागच्या बाकावर बसली. 'गुड मॉर्निंग' पार पडलं. मी खडूची पेटी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "व्हेअर इज द बॉक्स?"

मुलं पेटीकडे बघायला लागली. पुढचं वाक्य मला आठवेना. शेवटी मराठीत विचारलं, "पेटी कुठंय? टेबलावर की टेबलाखाली?"

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, हमको मराठी नहीं आती." मी हिंदीची जुळवाजुळव करतोय तोवर तिने शेजारणीकडे बोट दाखवलं. "ये ओडिशा से आई है. इसको हिंदी भी नहीं आती."

माझा आधारच गेला. हातातला खडू सुटून टेबलाखाली घरंगळला. तो घ्यायला मी गुडघ्यांवर टेकलो, आत शिरलो, खडू सापडला. आणि बाहेर यावंसंच वाटेना. टेबलाला पुढून फळी होती, त्यामुळे मी कुणाला दिसत नव्हतो. छाती इतकी धडधडत होती की आता इथंच संपतो असं वाटलं.

मागून मॅडमचा आवाज आला, "व्हेअर इज सर?"

मग एक बारीक आवाज, "सर... अंडर टेबल!" वर्ग खदखदून हसला.

"सर इज अंडर द टेबल," मी आतून म्हणालो. स्वच्छ आलं वाक्य. माझा चेहरा कुणी बघत नव्हतं. मुलांनी ते ओरडून म्हटलं. मी खडू धरलेला हात बाहेर काढला. "व्हेअर इज द चॉक?" "इन हँड! इन हँड!" फळीच्या कडेने डोकावलो, तर ती ओडिशाची मुलगी आपल्या बाकाखाली शिरून बसली होती. "अंडर," ती मला म्हणाली.

गुडघे धरून बाहेर आलो तशी भीती परत आली. उरलेला पाठ मी टेबलाची कड घट्ट धरून पुरा केला.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी मॅडमला विचारलं, "हा पाठ हिशेबात धरशील का?"

"धरते. पण पुढच्या वेळी टेबलाखाली जायचं नाय, सर." तिने ग्लास खाली ठेवला. "माझे बाबा भट्टीवर असेच खाली वाकले, ते उठलेच नायत. तुम्ही वर येईनात, तेव्हा माझी बोबडी वळली."

"मला वाटलं, तू पाठ सावरायला विचारलंस. घाबरली होतीस तर इंग्रजीत का विचारलंस?"

"काय माहीत? तोंडात तेच आलं."

मी तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

बाकीचे पाठ मी उभ्याने घेतले. पदवी मिळाली, द्वितीय श्रेणीत. भीती गेली असं मात्र म्हणवत नाही. आजही नववीच्या दाराशी वाक्य जुळवत थांबतो. मी आत जातो, पहिलं वाक्य इंग्रजीत बोलतो, आणि ते संपेपर्यंत हात खिशात ठेवतो.