महादूची अष्टमी

महादू चिंचणीच्या मांगेलआळीत राहायचा. जाळी विणायची, फाटली की सांधायची आणि हंगामात मेव्हण्याच्या होडीवर जायचं, एवढं त्याचं काम. उंच, किडकिडीत माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून समुद्राकडे बघायचा. नवख्याला वाटायचं, आपल्या मागे कोणी उभं आहे. मीही पहिल्या दिवशी दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

ही पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे सळया बांधत होतो. सळईवर सळई आडवी ठेवायची, तारेचा वेढा घालायचा, आकड्याने पिळायचा. दिवसाला हजारभर गाठी. एक सैल निघाली तर मुकादम सगळी ओळ पुन्हा करायला लावायचा. ते बरोबरच होतं.

महादूची बायको येसूबाई आमच्या मजुरांच्या वस्तीवर सुके बोंबील विकायला यायची. एकदा मी खोपटापुढे शेकोटीवर डफ शेकत बसलो होतो. तिने पाटी खाली ठेवली.

"वाजवतोस का नुसता भाजतोस?"

"वाजवतो."

"मग अष्टमीला ये आमच्याकडं. तुज्यासारके रिकामे लोक जमवलेत आमच्या माणसानं."

अष्टमीच का, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं. तेव्हा ओढ असते, जाळी भरतात, होड्या जातात. अष्टमीला पाणी मरगळतं. धड चढत नाही, धड उतरत नाही. होड्या वाळूवर असतात आणि माणसं जाळी सांधत बसतात. महादूने दर महिन्याची शुद्ध अष्टमी धरली होती. मी एकदा म्हणालो, रविवार ठेवला तर आम्हाला सोपं जाईल. तो माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "दर्याला रविवार नाय."

साडेचारला भोंगा झाला की मी सायकल काढायचो. पोचेपर्यंत सूर्य पाण्याकडे कललेला असायचा आणि अर्धा चंद्र आधीच डोक्यावर आलेला असायचा. दोघांचा उजेड एकमेकांत मिसळून वाळूचा रंग कशासारखाच राहायचा नाही. समुद्र झोपलेल्या जनावरासारखा श्वास घ्यायचा. लांब पसरलेल्या जाळ्यांवर माणसं ओळीने बसलेली, हातात सुया, तोंडाने गाणी. मी नगरकडचा. आमच्याकडे एवढी सपाट जागा फक्त आभाळात असते. पहिल्या दिवशी मी डफ वाजवायचा विसरलो.

जमायचे दहा-बारा जण. वाणगावचा एक शिंपी बासरी घेऊन यायचा. चिंचणीतले एक मास्तर हातपेटी आणायचे. महादूकडे बुलबुलतरंग होतं, त्याची एक तार कायम उतरलेली. बाकीचे मासेमारीतले. गाण्यावर पोट असलेला एकही नव्हता.

महादूचे नियम साधे होते आणि तो ते मोडू द्यायचा नाही. प्रत्येकाने महिन्याभरात एक नवं गाणं करायचं. शब्द आपले, चाल आपली; रेडिओवरची चाल आणली की तो माणसाला ओळ पुरी करू द्यायचा नाही. गाणं अष्टमीला एकदाच म्हणायचं. पुढच्या अष्टमीला ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं, तर ते तरलं. कोणालाच आठवलं नाही, तर बुडालं. बुडालेलं गाणं तिथे पुन्हा म्हणायचं नाही. बक्षीस नाही, पंच नाही. करणाऱ्याने आठवण करून द्यायची नाही आणि घरच्या किंवा सासरच्या माणसाला आठवलं तर ते धरायचं नाही.

मला हे आवडलं. याच्यात वशिला चालत नव्हता.

माझं पहिलं गाणं बुडालं. तिसरं तरलं. मास्तरांनी ते पेटीवर आणलं, मधलं एक कडवं गाळून. मी कुरकुरलो तर महादू म्हणाला, "तरलेल्याला लाटा लागणारच."

महादूची मात्र सगळी गाणी बुडत होती. दोन वर्षं, दर महिन्याला एक. ज्याने हे सगळं उभं केलं, त्याचंच काही तरत नव्हतं. तो आळशी होता असं नाही. त्याच्यासारखी मेहनत कोणी करत नव्हतं. एक शब्द बसेना तर तो जाळ्याचा एक हात भरून विणायचा आणि उसवायचा. पण त्याची चाल लांब श्वासाची, संथ. ऐकताना डोळे मिटावेसे वाटायचे आणि मिटले की गाणं निसटायचं.

येसूबाईचा भाऊ जानू त्या होडीचा तांडेल होता, म्हणजे होडीवर हुकूम त्याचा. त्याची चार गाणी तरली होती. तो टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही.

"भावोजी, तुमची गाणी एवढी जड कशी वो? जाळ्याला लावली तर दगड नको बांधायला."

सगळे हसायचे. महादूही हसायचा. पण त्याच्या हातातली सुई थांबायची, ते मी पाहिलं होतं.

सहासष्टच्या आषाढात त्याने होडीचं गाणं आणलं. होड्या तेव्हा वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या. आम्ही जाळ्यांच्या खोपीत बसलो होतो, कुडातून ओला वारा येत होता.

निजली होरी वाळूवरी गो,
सपनी पानी आलं दारी गो,
नका उठवू, नका हाक मारू,
अर्ध्या वाटेला पोचली होरी गो.

पुढे तीन कडवी होती. तो गात होता तोवर मला खरंच वाटलं की खोप हलते आहे. मग शिंप्याने बासरी काढली आणि पुढचं सुरू झालं.

दोन दिवसांनी येसूबाई वस्तीवर आली. बोंबील विकून झाले तरी उठेना.

"बन्सीभाऊ, एक काम करशील? त्याचं गाणं तेवढं शिकून घे."

"नियम काय आहे?"

"नियम मला नको सांगू. नियमाबरोबर झोपते मी. झोपेत शब्द फिरवतो, कूस फिरवतो, मला भितीला ढकलतो. परवा म्हणाला, मला गळा नाय दिलेला, नुसतं कान दिलेत. या सालात एक नाय तरलं तर बुलबुल मास्तरांना देऊन टाकतो, अष्टमी तुमची तुमी करा." तिने पदराने तोंड पुसलं. "तो मुका झालेला मला चालायचा नाय. बडबड्याच बरा."

मी विचार केला. केलेल्या कामाचं मोल मिळालं पाहिजे, असं माझं मत. महादूचं काम मी पाहिलं होतं. मी हो म्हणालो.

एकवीस दिवस लागले. ती आठवड्यातून दोनदा यायची, पाटीमागे बसून हळू आवाजात कडवी सांगायची. मी सळया बांधताना घोकायचो. कुठे श्वास घ्यायचा, कुठे स्वर ओढायचा, सगळं तंतोतंत बसवलं. एक मात्रा सैल ठेवली नाही.

त्या साली श्रावण दोन होते. पुढची अष्टमी अधिक महिन्यात आली, तेव्हा जानूने सुरुवातीलाच खुसपट काढलं.

"अधिकात लग्न नाय, मुंज नाय. मग गाणं कसं चालंल?"

"अधिकात जेवतोस ना?" महादू म्हणाला. "मग गा."

मागच्या महिन्याची गाणी येऊ लागली. शिंप्याचं मास्तरांनी म्हटलं, जानूचं दोघांनी एकदम. मग कोणी पुढे येईना. महादूचं राहिलं होतं. येसूबाई खोपीच्या दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण सुपावरचा हात थांबला.

मी डफ खाली ठेवला आणि गायलो. चारही कडवी.

संपलं तेव्हा बाहेर वळचणीचं पाणी गळताना ऐकू येत होतं. जानूने मांडीवर थाप मारली. "भावोजी! तरलं!"

महादू माझ्याकडे बघत होता. खांद्यावरून नाही. माझ्या डोळ्यांत.

"सगळं जसंच्या तसं गायलास."

"हो."

"मी दुसऱ्या कडव्यात खोकल्यापायी श्वास तोडला होता. तोही तितंच तोडलास."

ती जागा मला येसूबाईने दाखवली होती. ती तशीच आहे असं मी समजलो होतो.

"किती दिवस लागले?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "एकवीस."

येसूबाई दारातून म्हणाली, "मी शिकवलं. द्या फाशी."

कोणी हसलं नाही. महादूने सुईत दोरा ओवला. त्याला वेळ लागला.

"मनाला लागलेलं गाणं असं जसंच्या तसं राहत नाय, बन्सी. माणूस ते खातो, गिळतो, आपलं घालतो. हे तू ठेवणीतल्या लुगड्यासारकं घडी करून आणलंस." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बुडालं."

"भावोजी, घ्या ना आता!" हे जानू म्हणाला. टोमणा नव्हता तो. "माणसानं एकवीस दिवस घातलेत."

मला राग आला होता. "मेहनत केली मी," मी म्हणालो.

"तुजी मेहनत तरली," महादू म्हणाला. "गाणं नाय."

त्या संध्याकाळी मी सायकल हातात धरूनच बराच रस्ता चाललो. पाऊस बारीक होता. शेतांवर धुकं उतरलं होतं आणि बगळे त्यात उभे होते, कोणीतरी ठेवून विसरल्यासारखे. मी ठरवलं होतं की हे गाणं पुन्हा तोंडात येऊ द्यायचं नाही.

पण एकवीस दिवसांची सवय असते. सळईला वेढा घातला की पहिली ओळ यायची. पिळला की दुसरी. लांब श्वास गाठीला परवडत नव्हता, तो आपोआप आखूड झाला. कडवी गळाली. 'नका उठवू' ही ओळ कामावर कधी पडून गेली, मला माहीत नाही. मी लक्ष दिलं नाही. मी त्याला गाणं म्हणतच नव्हतो, हाताबरोबर चालणारी एक गोष्ट म्हणत होतो.

तीनेक आठवडे गेले. एका रविवारी सकाळी महादू वस्तीवर आला, डोक्यावर बोंबलांची पाटी. येसूबाईचा गुडघा सुजला होता. माझ्याशी नेहमीसारखा बोलला. मी त्याला नळाकडे घेऊन गेलो. तिथे बायका भेटतात, माल खपतो.

नळावर रामकिसन कपडे धूत होता. मिक्सरवर काम करणारा, बिहारकडचा. आमच्या अष्टमीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. दगडावर कपडा आपटायचा आणि गायचा.

निजली होरी वाळूवरी गो... थप्प. सपना पडा पानी का... थप्प. मग नुसतं गुणगुणणं. मग शेवटची ओळ, दोनदा.

महादूने पाटी उतरवली. हळू उतरवली, आत अंडी असल्यासारखी.

"ये गाना किधर से लाया, भाई?"

"लाया क्या, चाचा? साइट का है. सब गाते हैं."

"किसका है?"

"किसी का नहीं. साइट का."

मी तोंड उघडलं. महादूने माझं मनगट धरलं. जाळी ओढणाऱ्या माणसाची पकड होती ती. मी तोंड मिटलं.

तो नळाशेजारच्या दगडावर बसला. "फिर से बोलो ना."

"चाचा को भा गया!" रामकिसन हसला आणि दुसरा कपडा घेतला.

ऊन पावसातून येत होतं. साबणाचं पाणी दगडांमधून वाट काढत चाललं होतं, फेसावर लहान लहान आभाळं. महादू त्या पाण्याकडे बघत होता. त्याचा पाय ठेक्यावर हलत होता. स्वतःच्या गाण्यावर त्याचा पाय हललेला मी कधी पाहिला नव्हता. रामकिसनने चार कपडे धुतले. चारही कपड्यांना गाणं झालं. एका ठिकाणी तो शब्द विसरला, आणि शब्दावरून माणसाला रडवणारा महादू काहीही बोलला नाही.

निघताना त्याने ओंजळी ओंजळीने अर्धी पाटी रामकिसनच्या बादलीत ओतली.

वाटेत मी म्हणालो, "शेवटची ओळ दोनदा घेतो तो. चूक आहे."

"बरी वाटते तशी."

"अष्टमीला सांगतो सगळ्यांना. याला कोणी शिकवलेलं नाही. हे तरलं."

"बुडालं म्हटलंय मी." थोडं चालल्यावर म्हणाला, "मी म्हटल्यावर बुडालंच. ते तिकडं वर आलं, ते दर्याचं काम. आपलं नाय."

मी त्याच्याबरोबर चिंचणीपर्यंत गेलो. येसूबाई पाय पसरून ओटीवर बसली होती. तिने पाटीत पाहिलं, मग हातातले पैसे पाहिले.

"अर्धे बोंबील कुठं गेले?"

"एकाला दिले."

"कशापायी?"

महादू तिच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत होता. "कपडे चांगले धुतो तो."

येसूबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पायातला काटा बघू लागलो.

बुलबुल त्याने मास्तरांना दिलं नाही. निज श्रावणातल्या अष्टमीला आम्ही जमलो, तेव्हा होड्यांना डांबर चाललं होतं आणि सगळ्या किनाऱ्याला त्याचा वास होता. नारळी पुनव सहा-सात दिवसांवर होती. जानूने विचारलं, "भावोजी, हाय का काय नवं, का थांबलात?"

"हाय," महादू म्हणाला. उतरलेली तार त्याने पिळून घेतली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. चाल लांब श्वासाचीच होती. वर अर्धा चंद्र होता, पाणी कुठे जायची घाई नसल्यासारखं पडलं होतं, आणि तो एकेक शब्द त्यावर ठेवत होता.

गाणं बरं होतं. तिसऱ्या कडव्यात मेहनत कमी पडली होती. तसं मी त्याला सांगितलं.