सरकारी जाळीला गावचा धागा

मनसारामला कोणाच्याही घरी घेऊन जा, तो आधी खुंटीला टांगलेलं जाळं बघेल आणि मग घरधन्याकडे. जाळ्याच्या गाठी ढिल्या दिसल्या की त्या घराबद्दल त्याचं मत झालंच म्हणून समजा. नागभीडच्या अलीकडे आमचं गाव. तलावावर पोट असलेली ढिवरांची बरीच घरं इथे आहेत, पण फाटलेलं जाळं घेऊन सगळे येतात ते मनसारामच्याच ओसरीवर. मी नानाजी, त्याचा शेजारी. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो आणि आता गावी धान पिकवतो. माझ्याकडे वेळ भरपूर आणि जीभ जरा तिखट, म्हणून सकाळचा चहा मी त्याच्याकडेच घेतो. तो गप्प बसतो आणि मी बोलतो, असं आमचं छान जमतं.

त्याचा एकुलता एक मुलगा अमर फौजेत आहे. सीमेवर कुठल्याशा उघड्याबोडक्या डोंगरात असतो. नेमकं कुठे ते तो सांगत नाही आणि बापही विचारत नाही.

एके सकाळी आम्ही चहा घेत असताना अमरचा फोन आला.

"बाबा, जाळं उभं फाटलं तर जोडाले कुठून सुरू कराचं?"

मनसारामला वाटलं, पोरगा तिकडच्या नदीत मासोळ्या धरतो की काय. पण ते जाळं मासोळीचं नव्हतंच. ज्या जाळीखाली गाड्या आणि तोफा झाकतात आणि माणसंही दडून बसतात, ती वाऱ्याने आणि उन्हाने जागोजाग फाटली होती. वरून शत्रूचं ड्रोन फिरलं की त्याला खालचं काही दिसू नये, एवढंच त्या जाळीचं काम.

"मंग नवी मागा ना," मनसाराम म्हणाला.

"कवाची मागितली बाबा. येऊन राह्यली, येऊन राह्यली म्हंतेत."

"आन तवरक?"

"तवरक हेच शिवून शिवून वापरून राह्यलो."

माझं डोकं फिरलं. आपल्याकडे सैन्याच्या शौर्यावर बोलायला कोणाचं काही जात नाही. हे सरकार असो की ते, छाती सगळेच फुगवतात. नवं विमान आलं की त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढता येतात. जाळीपुढे कोण उभं राहणार? मग विमानाच्या गोष्टी होतात आणि जाळी, बूट, दोरखंड, असल्या वस्तू पुढच्या वर्षावर जातात. मी हे सगळं तावातावाने बोललो. मनसारामने ते ऐकलंच नाही. तो आत जाऊन धाग्याचं बंडल शोधत होता.

त्याने काढला तो उत्तमातला उत्तम तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा. पाण्यात सोडला की आपल्यालाही दिसत नाही असा. सणासुदीच्या मोठ्या मासेमारीसाठी जपून ठेवलेला. "मासोळीले दिसत नाई भाऊ," तो मला म्हणाला, "तं दुश्मनाले काय दिसन." मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी नागभीडला जाऊन पार्सल केलं. परत येताना तो बसमध्ये गुणगुणत होता, आणि मनसाराम गुणगुणतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढचा फोन आला तो वाईट. अमरने सगळी भोकं बापाने सांगितली तशी विणून काढली होती. त्यांचे साहेब भर दुपारी समोरच्या टेकडीवर चढले आणि वळून पाहतात तर जाळीवर जिथे जिथे जोड, तिथे तिथे लखलख. पाण्यात न दिसणारा धागा उन्हात आरशासारखा चमकत होता. साहेबांनी सगळ्यांसमोर अमरला धारेवर धरलं. जोड कापून टाकायला लावले. कापताना जुनी जाळी आणखी उसवली आणि भोकं होती त्याहून मोठी झाली.

"माह्या हातानं पोराच्या डोक्यावरचं उघडं केलं," मनसाराम म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही. त्याची बायको देवकाबाई मला म्हणाली, "भाऊ, तुमीच समजवा. माहं तं आयकतच नाई." मी काय समजावणार? जन्मभर पाण्यात जाळं टाकणाऱ्याला धागा कोरड्यावर कसा दिसतो याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. सोबत जाऊन पार्सल करणारा शहाणा मीही होतोच.

ऑगस्टमध्ये चिमूरला बेचाळीसच्या क्रांतीच्या आठवणीचे कार्यक्रम होतात. त्या सुमारास एका पुढाऱ्याने तिथे सैनिकांच्या आईबापांचा सत्कार ठेवला. नवराबायकोला आमंत्रण आलं. मनसाराम जायला तयार नव्हता, देवकाबाईने नेला. मीही गेलो, कारण असल्या भाषणांवर चिडायला मला आवडतं.

पुढारी खूप बोलले. रक्त, माती, सिंह, सगळं येऊन गेलं. मग नावं पुकारली. मनसारामच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि फोटोवाला पुढे सरकला. मनसारामने त्याला हाताने थांबवलं आणि माइककडे गेला. मी इतक्या वर्षांत त्याला चार माणसांत बोलताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, शाल चांगली हाय," तो म्हणाला. "पण माह्या पोराले झाकाची जाळी फाटून हाय. मागून मागून थकले ते. ते कवा भेटन?"

पुढारी हसले. "बाबा, आपल्या सैन्याकडे कशाचीच कमी नाही," असं म्हणून त्यांनी टाळ्यांसाठी हात वर केला. टाळ्या पडल्या, पण अर्ध्याच. मागच्या रांगेत बसलेली एक बाई उभी राहिली. आशाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. "माहा पोरगाबी तिकडंच हाय," ती म्हणाली, "त्याले तं बूट आमीच घेऊन देल्ले. या बाबाच्या सवालाचं उत्तर द्या ना साहेब." मग आणखी एक बाप उठला. पुढाऱ्यांना घाम फुटला. शेवटी "मी दिल्लीत विचारतो," एवढं त्यांच्या तोंडून वदवून घेतल्यावरच लोक खाली बसले. मला इतका आनंद झाला की चिडायचं राहूनच गेलं.

पण दिल्लीतलं उत्तर येईपर्यंत पोरगा उघड्यावर होता. घरी येताना मनसाराम एकाएकी म्हणाला, "बुढा कायचं जाळं विणे?" बुढा म्हणजे त्याचा बाप. नायलॉन यायच्या आधी गावात सुती धाग्याची जाळी विणत आणि ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळत. धागा त्याने टिकायचा आणि मातकट, तांबूस व्हायचा. मनसारामने लहानपणी ते पाहिलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं.

त्याने अमरला फोन लावला. "तिथली माती कशी हाय?"

"भुरी. खडक लालसर."

"बस झालं."

नागभीडहून सुती धागा आणला आणि जंगलात पडलेल्या ऐनाची साल. देवकाबाईने लग्नकार्यातला मोठा गंज, म्हणजे उभट पातेलं, काढून चुलीवर चढवला. पहिल्या खेपेला धागा काळा झाला. दुसऱ्या खेपेला तिनेच साल कमी टाकायला लावली आणि लालसर भुरा रंग उतरला. या वेळी मनसारामने पार्सलची घाई केली नाही. त्या धाग्याने एक जुनं जाळं जोडलं, तलावाच्या पाळीवर टाकलं आणि भर उन्हात मला पलीकडच्या काठावर उभं केलं.

"दिसते का भाऊ?" तो इकडून ओरडला.

मी डोळे ताणले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. जोड कुठेच दिसत नव्हते. तरी त्याने मला आणखी दोन जागी उभं केलं आणि सूर्य कलल्यावर परत एकदा. माझे पाय बोलायला लागले, पण मी कुरकुरलो नाही.

धागा गेला. त्यानंतर अमरचे फोन बंद. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या तापल्या होत्या. देवकाबाईने टीव्ही लावणं सोडलं. मनसाराम तलावावर जायचा, पण जाळं तसंच कोरडं खांद्यावर घेऊन परत यायचा.

धान कापणीला आला तेव्हा अमरचा फोन आला. आवाज थकलेला, पण हसरा. साहेब पुन्हा टेकडीवर चढले होते, दुर्बीण घेऊन. जोड कुठे आहेत ते अमरला बोट दाखवून सांगावं लागलं. आणि मग तो हळूच म्हणाला, "बाबा, वरून ते आलतं. आमी खालीच होतो. घिरट्या मारल्या आन गेलं."

देवकाबाईने फोन हिसकावून घेतला. "जेवला का बाबू?" तिने विचारलं.

शेजारच्या तुकडीलाही तो धागा हवा होता. मनसाराम म्हणाला, "पाठवतो, पायजे तेवढा पाठवतो. पण साहेबाले सांगजो, नव्या जाळीची मागणी सोडू नोका. माह्या धाग्यावर नोका राहू. म्या चुकलो तं मले घरी कोणी गोळी नाई मारत, तुमाले मारते."

त्या हिवाळ्यात सगळ्या ढिवरवाड्यात ऐनाची साल उकळत होती. आशाबाई चिमूरहून दोनदा येऊन मदत करून गेली. पुढारी मतं मागायला आले तेव्हा रस्त्याच्या आधी लोकांनी जाळीचं विचारलं, आणि त्यांच्याविरुद्ध उभे होते त्यांनाही तेच विचारलं. दोघांनाही उत्तर पाठ करून यावं लागलं.

होळीच्या सुमारास नव्या जाळ्या आल्या. कोणाच्या विचारण्याने आल्या ते देवाला माहीत. अमर म्हणाला, "बाबा, आता धागा नोका पाठवू. जुन्या जाळ्या जमा केल्या."

मला आतून लागलं. एवढ्या बायाबापड्यांची मेहनत एका वाक्यात निकामी झाली. मी मनसारामकडे पाहिलं, तर तो ओसरीवर मटकन बसला होता, दोन्ही हात तोंडावर धरून. खांदे हलत होते. मला वाटलं रडतो आहे. जवळ गेलो तर तो हसत होता.

"देवका," त्याने आत हाक मारली, "चूल विझव. पोरगा सरकारच्या जाळीखाली झोपन आता."