अर्धा टॉवेल

भूत भेटलंच, तर त्यालासुद्धा अकरा महिन्यांच्या करारावर गाळा देणारा माणूस मी! सोलापुरात वीस वर्षं दुकानं, गोडाऊनं, कारखाने विकतोय, भर अमावास्येला टोकन घेतो. पण यंदाच्या वर्षातला एक व्यवहार अजून अंगावर येतो...

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा बंद कारखाना. शंभर पार्ट्या पळाल्या. हा कारखाना विकला गेला नसता तर आमच्या ऑफिसलाच कुलूप होतं. दुपारी बाराला पुण्याची पार्टी येणार, म्हणून मी आणि पार्टनर इक्बालभाई साफसफाईला आधीच पोचलो. एका मागावर निम्मा विणलेला टॉवेल तसाच. म्हातारे वॉचमन नरसय्यामामा, पूर्वीचे तिथलेच विणकर, आडवे आले.

"कापू नका, मालक. अर्धं कापड उतरवत न्हाईत. पुरं करायचं, मगच कात्री."

"मामा, पार्टीला रिकामा माग दाखवायचाय, तुमचं कीर्तन न्हाई! कापा हो इक्बालभाई."

कात्री चालली... आणि खटाक्! मीटर काढलेला, मोटर चोरांनी केव्हाच नेलेली — तरी माग सुरू! पत्रे हादरले, आख्खी एमआयडीसी हादरली म्हणा ना! धागा वाहणारा तो टोकदार धोटा गोळीसारखा सुटला आणि इक्बालभाईच्या जबड्यावर बसला. दात उडाले. तो कोलमडला, तशी बाही चाकात गेली — हात कोपरापर्यंत आत! मी ओढतोय, माग ओढतोय, हाडं कडाकडा मोडतायत...

मामा धावले. रक्तानं भिजलेले तुटके धागे धरून गाठी मारायला लागले. सातवी गाठ बसली आणि माग थांबला.

तेवढ्यात बाहेरून पुण्याच्या पार्टीचा आवाज — "अरे वा, मशिनरी रनिंगमध्ये आहे! फायनल करू."

मी बाहेर आलो, शटर खाली ओढलं. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरले, सही घेतली. मग आत येऊन इक्बालभाईला उचललं.

हात गेला. वायरमनला विचारलं, इंजिनियरला विचारलं — विजेशिवाय माग कसा चालला, कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

इक्बालभाई मात्र मागाचं काहीच विचारत नाही. तारांनी बांधलेल्या जबड्यातून एकदाच बोलला —

"मैं अंदर पडेला था... तू सही पैले लिया ना?"

त्याला काय सांगू, तेही कळवा.